सौम्य डिप्रेशन असलेल्या आठवी ते दहावीच्या मुलांना कोणती थेरपी, हे कशावरून ठरवायचं? (नाशिक)

तिसरा_तास

नमस्कार मंडळी. सिडको-अंबड भागातल्या शाळेत समुपदेशक आहे, आठवी ते दहावीचे वर्ग. पीएचक्यू-ए (किशोरवयीन मुलांसाठीची डिप्रेशनची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) भरून घेतल्यावर ज्यांचे गुण ५ ते ९ येतात, म्हणजे सौम्य, त्यांच्याबद्दल विचारायचं आहे. १० आणि त्यापुढच्यांना बाहेर तपासणीला पाठवायचं हे ठरलेलं आहे, तिथे गोंधळ नाही.

गोंधळ असा की आकडा सारखा आणि मुलं अगदी निरनिराळी. ७ गुणांचा मुलगा म्हणजे क्रिकेट सोडलेलं, शाळा सुटली की घरी येऊन आडवा, रात्री एकपर्यंत मोबाईल. ७ गुणांचीच मुलगी नव्वद टक्केवाली, सगळं वेळेत करते, पण "मला काहीच नीट जमत नाही" हे दर दहा मिनिटांनी. तिसरीच्या घरात रोज खटके, स्वभाव चिडका झालेला, मैत्रिणींनी ग्रुपमधून काढून टाकलेलं. चौथ्याची अडचण खरीखुरी आहे: वडिलांचं कंपनीतलं काम सुटलं, फी थकली, क्लासमध्ये पोरं चिडवतात. या सगळ्यांना आपल्याकडे एकच पुडी मिळते: दीर्घ श्वास, सकारात्मक विचार, रोज व्यायाम.

तर (१) कोणाला सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी), कोणाला दुसरं काही, हे कशावरून ठरवायचं? (२) आठवड्याला ३५ मिनिटांची एक तासिका मिळते. त्यात काय बसतं? (३) गाडी पुढे सरकत नाहीये हे किती दिवसांनी ओळखायचं आणि नाशिकमध्ये कुठे पाठवायचं?

---

गोदाकाठ

प्रश्न चांगला मांडलाय. थेरपीचं नाव नंतर घेऊ, आधी दोन गोष्टी बघून घ्या.

पहिली, नववा प्रश्न. एकूण गुण ६ असले आणि नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांना, १ जरी असला तरी ते मूल "सौम्य"च्या रांगेत बसत नाही. त्याच दिवशी त्याच्याशी एकट्याने बोलायचं. थेट विचारायचं: असा विचार शेवटचा कधी आला, काही ठरवलं होतं का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न झाला होता का. विचारल्याने डोक्यात नसलेली कल्पना शिरते ही भीती निराधार आहे.

दुसरी, हे डिप्रेशनच आहे का. पीएचक्यू ही चाळणी आहे, निदान नाही. ती फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे घटक चाचणीच्या आठवड्यात भरून घेतली तर अर्धा वर्ग सौम्यमध्ये येईल. थकवा, लक्ष न लागणं, झोप बिघडणं हे तीन प्रश्न तर शरीराच्या तक्रारीनेही भरतात. मुलींमध्ये हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी आधी करायला सांगा. या वयात मुलींचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, आणि तो असेल तर कितीही थेरपी करा, "दमल्यासारखं वाटतं"चे गुण हलत नाहीत. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का, स्टेरॉइड चालू आहे का, हेही विचारून ठेवा. घरात कुणाला बायपोलर (उदासी आणि अतिउत्साह आलटून-पालटून येण्याचा आजार) आहे का, आणि मुलाला मध्येच चार-पाच दिवस झोप न घेताही तरतरीत, अति बोलकं, अति खर्चिक असं काही झालं होतं का, याची नोंद हवीच. उत्तर हो आलं तर तुमच्या पातळीवर काही सुरू करू नका.

एवढं पार पडलं की लगेच उपचाराला हात घालायची गरज नसते. उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१९ ची मार्गदर्शिका सौम्य डिप्रेशनला आधी दोन आठवडे लक्ष ठेवून वाट बघायला सांगते. वाट बघणे याचा अर्थ सोडून देणे नाही. पुढची तारीख ठरवून द्यायची, आणि मूल आलं नाही तर आपण शोधत जायचं. दोन आठवड्यांनी पुन्हा पीएचक्यू. बऱ्याच जणांचा आकडा एवढ्यातच ५ च्या खाली येतो. ज्यांचा येत नाही त्यांच्यासाठी १२ ते १८ वयाला ही मार्गदर्शिका गटातली सीबीटी, डिजिटल सीबीटी, गटातली आयपीटी (नात्यांमधल्या अडचणींवर काम करणारी थेरपी) किंवा गटातलं साधं आधार देणारं समुपदेशन सुचवते. ते जमण्यासारखं नसेल तर वैयक्तिक सीबीटी किंवा कुटुंबासोबतची थेरपी. सौम्य डिप्रेशनला सुरुवातीला डिप्रेशनच्या गोळ्या देऊ नयेत हेही त्यात स्पष्ट आहे.

आता कोणाला काय. माझ्या मते एकच प्रश्न विचारायचा: ही उदासी आज कशामुळे टिकून आहे? कशामुळे सुरू झाली हे बहुतेक वेळा वेगळंच असतं आणि ते शोधण्यात तीन बैठका जातात. एखाद्या मुलीची आई म्हणेल दहावीच्या ताणाने सुरू झालं, असेलही. पण आज ती टिकून आहे कारण मुलगी चार महिने कुणाकडे गेलेली नाही.

तुमचा पहिला मुलगा, क्रिकेट सोडून आडवा पडणारा. त्याला बिहेविअरल ॲक्टिव्हेशन, म्हणजे ठरवून छोट्या कृती करत मूड वर आणणं. विचारांच्या वाटेला जाऊच नका, त्याच्याकडे सांगण्यासारखे विचार नाहीतच. "काही नाही, कंटाळा येतो" यापलीकडे तो जाणार नाही.

पहिल्या आठवड्यात त्याने काहीही बदलायचं नाही, फक्त नोंद. वहीच्या पानावर दिवसाचे चार भाग: शाळेआधी, शाळेनंतर दिवे लागेपर्यंत, जेवणापर्यंत, झोपेपर्यंत. प्रत्येक भागात काय केलं, कोणासोबत, मूड ० ते १० मध्ये किती. आणि दोन वेगळे आकडे, "मजा आली" किती आणि "काहीतरी जमलं" किती. हे दोन एकत्र करू नका. डिप्रेशनमध्ये मजा उशिरा परत येते, "जमलं" आधी वर जातं. एकच आकडा घेतलात तर पहिले तीन आठवडे सगळं २-३ वरच दिसेल आणि मुलगा वही सोडून देईल.

दुसऱ्या बैठकीत त्याच वहीतला फरक त्यालाच शोधू द्यायचा. "रात्री दहा ते साडेबारा रील्स, मूड ४ वरून २. रविवारी काकाबरोबर गाडी धुतली, ५." मोबाईल वाईट असं आपण म्हणायचं नाही, आकडे म्हणतील.

तिसऱ्या बैठकीत कृती, आठवड्याला फक्त दोन. वार, वेळ, जागा, सोबत कोण, हे चारही लिहून. "व्यायाम कर" याला कृती म्हणत नाहीत. "मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा, कृषीनगर जॉगिंग ट्रॅकवर दोन फेऱ्या, मावसभाऊ घरी न्यायला येणार" ही कृती. जमेल याची खात्री १० पैकी किती, हे त्याला विचारा. ७ च्या खाली म्हणाला तर कृती अर्धी करा. दोनची एक फेरी, नाहीतर नुसते बूट घालून गेटपर्यंत.

फसतं कुठे? एक, यादी मोठ्या माणसाने केलेली असते, त्यात स्तोत्र, योगासनं आणि जास्तीचा अभ्यास असतो. दोन, "मूड आला की करेन" हे आपण मान्य करतो. सगळ्या पद्धतीचा पायाच असा की आधी कृती, मूड मागून. तीन, वही आई तपासायला लागते. ती वही मुलाची, शाळेत राहिली तरी चालेल. सहा ते आठ बैठका पुरतात.

---

साधासुधा

वरच्याशी सहमत, एक मीठमिरची घालतो. "या प्रकाराला ही थेरपी" याचे पुरावे आपल्याला वाटतात तेवढे भक्कम नाहीत. इंग्लंडमध्ये झालेल्या इम्पॅक्ट चाचणीत (२०१७ साली प्रसिद्ध) डिप्रेशन असलेली ४६५ किशोरवयीन मुलं होती. सीबीटी, अल्पकालीन मनोविश्लेषण आणि साधी मनोसामाजिक मदत, तिन्हींत सरस अशी एकही ठरली नाही. ती मुलं मध्यम ते तीव्र गटातली होती, पण मुद्दा लागू आहे.

जुळवणीबद्दल थोडंफार ठोस सापडतं ते दोन ठिकाणी. आयपीटीच्या शालेय चाचणीत ज्या मुलांचे आईशी जास्त खटके होते किंवा मित्रमंडळींत जास्त बिनसलेलं होतं, त्यांना नेहमीच्या शालेय समुपदेशनापेक्षा आयपीटीचा फायदा जास्त दिसला. दुसरं, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेली अमेरिकेतली प्रतिबंधात्मक चाचणी, ३१६ मुलं, सगळ्यांच्या आई किंवा वडिलांना आधी केव्हातरी किंवा त्या वेळी डिप्रेशन. गटातल्या सीबीटीने मुलांमधलं डिप्रेशन टळलं, पण पालकाला त्या वेळी चालू डिप्रेशन असेल तर तो फायदा दिसेनासा झाला.

म्हणून पालकांच्या पहिल्या भेटीत "तुमची स्वतःची झोप कशी आहे, तुम्हाला स्वतःला कसं वाटतं" हे विचारा. आई स्वतः रोज रडत असेल तर तिला उपचाराला पाठवणं हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे. हे कुठल्याच शालेय फॉर्मवर नसतं.

---

पिंपळपान

नव्वद टक्केवालीबद्दल लिहिते, कारण तिच्याशीच सगळ्यात जास्त चुकीचं वागलं जातं. तिला ॲक्टिव्हेशन दिलंत तर ती तेही शंभर टक्के करून दाखवेल आणि रात्री "एक फेरी राहिली" म्हणून रडेल. तिच्यासाठी सीबीटी, म्हणजे विचारांची नोंद. पण त्याआधी एक भेद करून घ्या: ती स्वतःला टोचून बोलते आहे की तेच ते घोळवत बसते आहे?

टोचून बोलणारी असेल तर नोंदीचे रकाने: प्रसंग, भावना आणि तिची तीव्रता ० ते १००, मनात आलेलं वाक्य, त्या वाक्याच्या बाजूने काय पुरावा, विरुद्ध काय, मग तोलून लिहिलेलं वाक्य, आणि पुन्हा तीव्रता. आठवीतल्या मुलांना एवढे रकाने जड जातात. त्यांना दोनच द्या, "मनातलं वाक्य" आणि "मैत्रिणीला हेच झालं असतं तर तिला काय म्हणाले असते". मराठी मुलं "मनात काय आलं?" याला बहुतेक "खूप वाईट वाटलं" असं उत्तर देतात. ती भावना झाली. "वाईट वाटायच्या आधीच्या सेकंदाला डोक्यात कोणतं वाक्य होतं, अवतरण चिन्हात लिही" असं म्हटलं की जमतं.

उदाहरण. विज्ञानाच्या चाचणीत २० पैकी १६. भावना: लाज, ८०. वाक्य: "आता सगळ्यांना कळणार की मी हुशार नाहीच." बाजूने: चार गुण गेले, पहिला नंबर गेला. विरुद्ध: गेलेल्या चारपैकी तीन एकाच आकृतीचे होते, गेल्या तीन चाचण्यांत १८ च्या वर, बाईंनी काहीच म्हटलं नाही. तोललेलं वाक्य: "आकृत्यांचा सराव कमी पडला. त्याने वाईट वाटतंय, पण त्यावरून मी हुशार नाही असं निघत नाही." लाज: ५०. ८० वरून ५० आलं म्हणजे काम झालं. शून्यावर आणायचा हट्ट धरू नका.

इथे सगळ्यात मोठी चूक: समुपदेशक वकील होतो. "अगं पण तुला तर किती छान मार्क आहेत!" हे तिने शंभर वेळा ऐकलंय आणि तिच्याकडे उत्तर तयार आहे. पुरावा तिने शोधायचा, आपण फक्त विचारायचं. आणि तोललेल्या वाक्यावर तिचा किमान निम्मा विश्वास बसला पाहिजे. "मी सर्वोत्तम आहे" यावर १० टक्केही बसत नाही, त्यामुळे ते वाक्य निरुपयोगी. भिंतीवर चिकटवायच्या सकारात्मक वाक्यांना माझा विरोध आहे तो यासाठीच.

चौथ्या-पाचव्या बैठकीत प्रयोग ठेवा. प्रकल्पाची वही मुद्दाम साध्या निळ्या पेनाने, सजावट न करता द्यायची. आधी लिहून ठेवायचं: "बाई ओरडतील, खात्री ९०." मग काय झालं ते लिहायचं. लिहून न ठेवल्यास मूल नंतर म्हणतं, मला माहीतच होतं काही होणार नाही. मग प्रयोग वाया जातो.

घोळवणारी असेल तर ही नोंद उलट इंधन देते. ती पाच पानं भरून आणेल. तिथे वाक्यातला मजकूर सोडा, घोळवण्याची सवय पकडा: कधी सुरू होतं (बहुतेक अंथरुणावर, नाहीतर व्हॉट्सॲपच्या निळ्या टिका बघून), किती वेळ चालतं. दोन मिनिटांचा नियम शिकवा. दोन मिनिटं विचार करून झाल्यावर स्वतःला तीन प्रश्न: काही तोडगा निघाला का, काही नवं कळलं का, स्वतःला बोलणं कमी झालं का. तिन्हींना नाही आलं तर हे घोळवणं आहे; उठायचं आणि हाताने करायचं काहीतरी आधीच ठरवलेलं काम घ्यायचं. "माझ्याच बाबतीत असं का?" हा प्रश्न सुटत नाही. "उद्या तिला पहिलं वाक्य काय बोलू?" हा सुटतो. का-चे प्रश्न कसं-मध्ये बदलून घ्यायचे, एवढं एकच काम दोन बैठका करा.

---

कसमादे

तिसरी मुलगी, खटके आणि ग्रुपमधून बाहेर. आयपीटी, किशोरांसाठीची. मूळ आराखडा आठवड्याला एक अशा १२ बैठकांचा आहे. दुःख, वाद, आयुष्यातला बदल (शाळा बदलली, घर बदललं, आई-वडील वेगळे झाले), आणि मुळात नाती जोडताच न येणं, या चारांपैकी एकच क्षेत्र निवडायचं. चारही घेतलीत की त्या केवळ गप्पा होतात.

सुरुवात जवळिकीच्या वर्तुळांनी. कागदावर मध्ये "मी", भोवती तीन गोल, माणसं त्यात बसवायची. आपल्याकडे एक बघा: आजी, काकू, चुलतभाऊ बऱ्याचदा आईपेक्षा आतल्या गोलात असतात आणि घरातली बोलणी त्यांच्यामार्फतच वळतात. वाद आईशी असला तरी चावी काकूकडे असू शकते.

मग एक भांडण घ्या, फक्त एक, आणि वाक्यागणिक लिहून काढा. कोण काय म्हणालं, कोणत्या आवाजात, त्या क्षणी काय वाटलं, काय म्हणायचं होतं.

आई: "परत फोन? दहावी आहे तुझी, लाज वाटू दे."
ती: "तू कायम हेच बोलतेस."
आई: फोन काढून घेते.
ती: दार आपटते. जेवत नाही.

मुलीला म्हणायचं होतं, "मला ग्रुपमधून काढलंय, मी बघत होते कुणी परत घेतलं का." हे आईला माहीतच नाही. आईच्या लेखी वाद अभ्यासाचा, मुलीच्या लेखी एकटेपणाचा. मग सरावाला घ्यायचं: वेळ कोणती (आई ऑफिसातून आल्या आल्या नाही, जेवणानंतर), सुरुवात "तू" ने न करता "मला" ने, आधी तिचं थोडं मान्य करायचं, आणि मागणीसोबत तीन-चार पर्याय हातात ठेवायचे. "आई, दहावी आहे हे मला कळतं. मला मैत्रिणींचं टेन्शन आलंय म्हणून फोन सारखा बघितला जातो. नऊ ते साडेनऊ ठेवू का, नंतर तुझ्याकडे देते?" बैठकीत दोनदा बोलून बघायचं, एकदा ती आई, एकदा ती स्वतः. सरावाशिवाय घरी पाठवलंत तर पहिल्या वाक्यालाच "तू कायम" बाहेर येतं.

पालकांना एक सूचना द्यावीच लागते: मूल आजारी आहे, आळशी नाही; म्हणून काही आठवडे अपेक्षा कमी, पण शाळा आणि घरातली ठरलेली कामं सुटलेली नाहीत. कमी अपेक्षा आणि शून्य अपेक्षा यांतला फरक आई-वडिलांना स्पष्ट करून सांगा, नाहीतर दुसऱ्या टोकाला जातात आणि पोराचं जेवणही खोलीत पोहोचतं.

या वयात डिप्रेशन उदासीऐवजी चिडचिडीनेही दिसू शकतं, हे डीएसएम-५ मध्येही (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकन पुस्तक) धरलेलं आहे. मुलग्यांच्या बाबतीत तर शिक्षक "उद्धट" म्हणून नोंद करतात आणि ते तुमच्यापर्यंत येतच नाही. शिस्तीच्या वहीतली नावं महिन्यातून एकदा वाचा.

आजी-आजोबा गेल्यावरची उदासी हा सरसकट उपचाराचा विषय नाही. मूल रडतं, पण मध्ये हसतं, खेळतं, आठवणी सांगतं, तर नुसतं ऐकून घ्या. स्वतःबद्दल "मी कुचकामी" सुरू झालं किंवा शाळाच सुटली, तर मग आयपीटीतलं दुःखाचं क्षेत्र.

निफाड, दिंडोरी, कळवण पट्ट्यातून येणारी किंवा सुट्टीला तिकडे जाणारी मुलं असतील तर नवव्या प्रश्नाच्या संदर्भात घरच्यांना विचारा, फवारणीची औषधं कुठे असतात. बहुतेक पडवीत किंवा पंपाच्या खोलीत उघडी. कुलूप, चावी एका मोठ्या माणसाकडे, उरलेल्या बाटल्या घरात आणायच्या नाहीत. घरातल्या गोळ्यांचंही तेच. हा सुरक्षा योजनेतला सगळ्यात कामाचा भाग आहे आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

---

गोदाकाठ

चौथा मुलगा राहिला. अडचण खरी असेल तर विचार बदलायला लावणं हा त्याचा अपमान आहे. त्याला समस्या-निवारण, आणि तुमच्या ३५ मिनिटांत सगळ्यात नीट बसणारी पद्धतही हीच. दिल्लीच्या सरकारी शाळांत संगाथ संस्थेने याची चाचणी केली, २५० विद्यार्थी, निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध. साधं प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी तीन आठवड्यांत चार-पाच छोट्या बैठका घेतल्या. सहा आठवड्यांनी मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी केवळ पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा जास्त कमी झाल्या, लक्षणांच्या गुणांत मात्र तेव्हा तसा फरक नव्हता. म्हणजे पद्धत कशासाठी वापरायची हेही त्यातून कळतं.

पायऱ्या तीन: समस्या, पर्याय, करून बघणे. गाडी अडते ती पहिलीवरच. "अभ्यास" ही समस्या नाही. "वडील दिवसभर घरी असतात, टीव्ही चालू, एकच खोली, भूमितीची प्रमेयं पाठ होत नाहीत" ही समस्या. पर्याय किमान पाच, त्यांतला एक वेडगळ चालेल. आणि पहिले तीन मुलाने सांगेपर्यंत आपण तोंड उघडायचं नाही. मग प्रत्येकाचं चांगलं-वाईट, एक निवडून आठवडाभर प्रयोग. शाळा सुटल्यावर ग्रंथालयात पाऊण तास, हा साधारण निघणारा पर्याय; ते खरोखर उघडं असतं का हे तुम्ही आधी बघून ठेवा. फी हा मुलाच्या हातातला प्रश्न नाही, तो तुम्ही मुख्याध्यापकांकडे न्या. चिडवणं अंगावर हात टाकण्यापर्यंत गेलं असेल तर तेही मोठ्यांचं काम. मुलाला "दुर्लक्ष कर" शिकवू नका.

---

तिसरा_तास

सगळ्यांचे आभार, हे छापून भिंतीला लावण्यासारखं आहे. दोन उपप्रश्न. एकाच मुलात दोन-तीन गोष्टी असतात तेव्हा आधी काय? आणि तिसरा प्रश्न, बदल मोजणं आणि पुढे पाठवणं, राहिला.

---

पिंपळपान

क्रम असा धरा: सुरक्षितता, झोप, हालचाल, मग नाती किंवा विचार. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. पहाटेचा क्लास आणि रात्री एकपर्यंत मोबाईल असेल तर पाच तासांच्या झोपेवर विचारांची नोंद करून घेण्यात अर्थ नाही. झोपायची वेळ ठरवू नका, ती हातात नसते. उठायची ठरवा, रविवारीसुद्धा तासाभरापेक्षा जास्त फरक नको. मोबाईल चार्जिंगला दुसऱ्या खोलीत, आणि हा नियम घरातल्या मोठ्यांनाही. संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी बंद. दोन आठवडे एवढंच केलं तरी दोन-तीन गुण उतरू शकतात, कारण प्रश्नावलीत झोप आणि थकवा दोन्ही आहेत.

थेरपीचा प्रकार ठरवताना मुलाला विचारायलाही विसरू नका. "आपण तीन पद्धतींनी काम करू शकतो" असं दोन-दोन वाक्यांत सांगून त्याने निवडलं तर ते मूल टिकतं. विचारांवर बोलायला अजिबात तयार नसलेल्या मुलाला सीबीटीच योग्य म्हणून बसवलंत तर तिसऱ्या बैठकीला ते पोटदुखीने घरी.

---

साधासुधा

मोजणी: दर दोन आठवड्यांनी पीएचक्यू. पण ८ वरून सुरू झालेल्याला खाली उतरायला जागाच थोडी, म्हणून सोबत मुलाने स्वतः ठरवलेलं एक ध्येय ० ते १० मध्ये, दर बैठकीला. "मधल्या सुट्टीत एकटं न बसणं: २."

चार आठवड्यांत दोन्ही जागचे हलले नाहीत तर लगेच पद्धत बदलू नका. आधी बघा घरचं काम झालंय का. बहुतेक वेळा झालेलंच नसतं, आणि त्याचं कारण ते मोठं होतं किंवा कागद हरवला इतकं साधं असतं. काम होत असूनही फरक नाही, तर आपण टिकवणारं कारण चुकीचं धरलं. वही पुन्हा वाचून दुसरं धरा. दोन ते तीन महिन्यांत सुधारणा नाही, तर पुढे पाठवायचंच.

त्याआधीही लगेच पाठवायचं ते असं: गुण १० किंवा जास्त; नववा प्रश्न; हातावर कापल्याच्या खुणा; भास किंवा विचित्र संशय; वजन झपाट्याने घटणं; शाळा दोन आठवडे बंद; नशा. वर्षभर असंच कमी-जास्त चालू असेल तर गुण ६ असले तरी, कारण मुलांमध्ये दीर्घकालीन डिप्रेशनचं निदान एका वर्षावरच होतं, मोठ्यांसारखी दोन वर्षं लागत नाहीत.

नाशिकमध्ये पैशाची अडचण असलेल्यांना त्र्यंबक रोडचं जिल्हा शासकीय रुग्णालय, मनोविकार विभाग. १० ते १९ वयासाठी सरकारी दवाखान्यांतली मैत्री क्लिनिकं आहेत, रक्तक्षयाची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या तिथेच होऊन जातात. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक पालकांच्या फोनमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करायला लावा. खासगीत पाठवत असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी क्रमांक विचारा, विचारण्यात गैर काही नाही. कॉलेज रोड-गंगापूर रोडला पाट्या भरपूर आहेत, सगळ्या पाट्यांमागे नोंदणी असेलच असं धरून चालू नका.

चिठ्ठीत "डिप्रेशन आहे, कृपया बघावे" लिहू नका. गुण आणि तारखा, नववा प्रश्न वेगळा, काय पद्धत किती बैठका केली, काय हललं काय नाही, घरातला आजार. पाच ओळी.

---

कसमादे

गुप्ततेचं कुणी लिहिलं नाही. पहिल्या बैठकीच्या पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं: इथलं बोलणं इथेच, तीन गोष्टी सोडून. तुझ्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, आणि लैंगिक छळ. तिसऱ्याबाबत पोक्सो कायदा २०१२, कलम १९: कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेची प्रतिमा वगैरे मध्ये येत नाही. हे आधी न सांगता नंतर केलंत तर मूल पुन्हा कुणाशीच बोलणार नाही.

गट घेणार असाल तर सहा ते आठ मुलं, एकाच इयत्तेची शक्यतो नकोत, चिडवणारा आणि ज्याला चिडवतात तो एका गटात नकोच. नाव "ताण हाताळणे" वगैरे ठेवा. डिप्रेशनचा गट म्हटलं की मधल्या सुट्टीपर्यंत शाळाभर होतं. स्वतःला इजा करण्याचा विषय गटात निघाला तर "हे आपण दोघं बोलू" म्हणून तिथेच थांबवायचं आणि त्याच दिवशी बोलायचं.

---

तिसरा_तास

गटाची कल्पना मुख्याध्यापकांपुढे ठेवते. दिवाळीनंतर सुरू केलं तर दहावीच्या पूर्वपरीक्षेआधी आठ बैठका होतील का?

---

गोदाकाठ

दहावीच्या होणार नाहीत. डिसेंबरात स्नेहसंमेलन दोन तासिका खातं, जानेवारीत सराव परीक्षा. दहावीला फक्त समस्या-निवारण, चार बैठका. आठ बैठकांचा गट आठवी-नववीला ठेवा आणि नोंदीची पहिली वही दिवाळीच्या सुट्टीआधीच हातात द्या. सुट्टीतली नोंद आणि शाळा चालू असतानाची नोंद शेजारी ठेवली की कोणाची उदासी शाळेत टिकतेय आणि कोणाची घरात, हे पहिल्याच बैठकीत दिसतं.